अल्पशा आजारानं

"तुम्ही भावंडं किती?" डॉक्टर नाईकवडींनी विचारलं.

"तिघं," मी म्हणाले. "हा थोरला भूपालअण्णा, मधला धनपालदादा आणि मी शेंडेफळ."

"आई-वडील?"

"आई दोन वर्षांपूर्वी गेली, वय झालं होतं. आप्पा मात्र फार लवकर, पन्नाशीच्या आतच गेले. मी पाचवीत होते."

"कशानं?"

मी अण्णाकडं पाहिलं. अण्णा खुर्चीत ताठ बसला होता. टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. "पोटदुखीनं," तो म्हणाला. "त्या काळात कोण बघतंय कशानं ते."

मिरजेच्या त्या दवाखान्यात आम्ही धनपालदादाचा रिपोर्ट ऐकायला बसलो होतो. त्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. आतडं तुंबून पोट नगाऱ्यासारखं फुगलं, पाणीसुद्धा उलटून पडायला लागलं, तेव्हा कुठं त्याला गावातून उचलून आणलं होतं. डॉक्टर बाईंनी गाठ काढली होती. पण ती नुसत्या आतड्यात राहिली नव्हती, यकृतापर्यंत पोचली होती. हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. माझा दादा सेहेचाळीस वर्षांचा होता.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही, मॅडम," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज दूध संघाच्या सभेत असतो तसा होता, चेअरमनचा. "आम्ही जैन माणसं. अंड्याला हात लावत नाही. दारू नाही, तंबाखू नाही. दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. आम्हाला कसा होईल कॅन्सर?"

"सवयी चांगल्याच आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांचा फायदाही होतो. पण हा आजार कधी कधी रक्ताच्या नात्यातून चालत येतो. वडील पन्नाशीच्या आत पोटाच्या दुखण्यानं गेले, आता भाऊ. मला शंका घ्यायलाच हवी. तुम्हा दोघांची दुर्बिणीनं तपासणी करून घ्या. काही त्रास असो वा नसो. आतड्यात आधी बारीक मांसल कोंब येतात, त्यांतल्या एखाद्याची वर्षानुवर्षांनी गाठ होते. कोंब असतानाच सापडला तर तिथल्या तिथं काढता येतो."

"दुर्बीण कुठनं घालता?" अण्णानं विचारलं.

बाईंनी सांगितलं.

अण्णानं टोपी डोक्यावर चढवली, हात जोडले आणि दार उघडून बाहेर पडला.

मी त्याला जिन्यात गाठलं. तो कठडा धरून उभा होता.

"त्रिशला, ह्यातलं एक अक्षर गावात जायला नको. कुणी विचारलं तर कावीळ म्हणायचं. कावीळ पोटात उतरली म्हणायचं."

"का?"

"का म्हणून विचारतीस? श्रुतिकाची सुपारी फुटलीया. निपाणीची माणसं तोलामोलाची हायत. घराण्यात असला रोग हाय म्हटल्यावर थांबतील व्हय ती?"

श्रुतिका ही अण्णाची एकुलती एक मुलगी, निपाणीला लग्न ठरलेली. त्याचा जीव की प्राण. त्यामुळं मी तिथं गप्प बसले. शिवाय आत दादा पडलेला होता आणि जिन्यात भांडायची ती वेळ नव्हती.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. दादाचा तिथं मंडप डेकोरेशनचा धंदा होता. पंचक्रोशीत लग्न असो, पूजा असो, कुणाच्या दारात दुःखाचं पाल घालायचं असो, माणसं धनपाल मगदूमलाच बोलवायची. दुःखाच्या घरी तो भाडं घ्यायचा नाही. बांबूसारखा उंच, हसतमुख माणूस, कमानीवर चढून दिव्यांच्या माळा लावताना खालच्यांची टिंगल करणारा. तोच आता खाटेवर असा दिसत होता की चादरीखाली माणूस आहे की नाही कळू नये.

मी जयसिंगपूरच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. शाळा सुटली की यजमान मला मोटारसायकलवर मागं बसवून मिरजेला सोडायचे आणि मी पद्मावती वहिनींना जरा मोकळं करायचे. त्या खाली जाऊन चहा घ्यायच्या, मी दादाजवळ बसायचे.

अशाच एका दुपारी मी त्याला विचारलं, "दादा, आधी काहीच कळलं नाही का रे?"



"रक्त पडायचं," तो म्हणाला. "संडासला गेलं की. गेल्या वर्षीच्या उरुसापासनं. पहिल्यांदा वाटलं उष्णता झाली. मग वाटलं मूळव्याध. सगळ्यांनाच होते की."

"वर्षभर? आणि बोलला नाहीस?"

"कुणाला बोलू? तुझ्या वहिनीला? तिला सांगायची लाज वाटली बघ. एवढा बाप्या मी, आणि बायकोपुढं काय सांगू, की बघ माझ्या इथनं रक्त येतंय म्हणून?" तो हसायला गेला आणि टाके दुखले म्हणून थांबला. "वजन उतरलं तर लोक म्हणायचे, धनपाल, बारीक झालास, शोभतंय तुला. मीबी म्हटलं, शोभतंय."

"औषध?"

"बाजारात पालवाला बसतोय बघ, मुळ्या-पुड्या घेऊन. त्याची पुडी घेत होतो. पंधरा दिवस बरं वाटायचं. परत सुरू."

मग त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगताना त्यानं माझं मनगट धरलं होतं आणि त्या धरण्यात जोर नव्हता. "तू बघ त्याचं," एवढंच शेवटी म्हणाला. वहिनी चहा घेऊन वर आल्या आणि तो विषय तिथंच थांबला. ती गोष्ट काय, ते पुढं येईलच. मी ती तेव्हा कुणालाही सांगितली नाही, कारण ती नीट कुठं सांगायची ते मला ठरवायचं होतं.

त्यानंतर दादा महिनाभरही राहिला नाही. घरीच गेला, सकाळी, वहिनींच्या हातून दोन चमचे पाणी पिऊन.

दादाच्या दारात मंडप घालायला तालुक्यातले सगळे मंडपवाले आले. कुणाला सांगावं लागलं नाही. गावात वेशीपासून चौकापर्यंत फलक लागले. दादाचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'अल्पशा आजाराने दुःखद निधन'. आमच्याकडं सगळ्याच फलकांवर तसंच लिहायची रीत आहे. मी चौकात उभी राहून ते दोनदा वाचलं.

आमच्या भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. त्याला आख्खा गाव लोटतो. रक्षा भरून झाली की जमलेल्यांपुढं चार माणसं उठतात, गेलेल्याबद्दल बोलतात, मग सगळे मिनिटभर उभे राहतात आणि पांगतात. बोलणारे पुरुषच असतात. बायका एका अंगाला, पदर घेऊन.

त्या सकाळी निघण्याआधी मी वहिनींजवळ गेले. त्या माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकोणीस वर्षांचा संमेद, दादाचा मुलगा, बाहेर माणसांत होता.

"वहिनी, आज मी बोलणार आहे. दादाला काय झालं होतं ते सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते, रडून रडून आटलेले.

"मला विचारू नका, वन्सं," त्या म्हणाल्या. "विचारलंत तर मी नको म्हणेन. बोलायचं असलं तर बोला."

स्मशानाच्या मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा नव्हती. दूध संघाचे लोक, सोसायटीचे लोक, पाहुणे, निपाणीचे व्याहीसुद्धा आले होते. पांढरेशुभ्र कपडे घालून पहिल्या रांगेत. अण्णा त्यांच्या शेजारी उभा होता. आधी सरपंच बोलले. मग संस्थेचे कुणीतरी. प्रत्येकानं दादाच्या मनाचा मोठेपणा सांगितला आणि प्रत्येकानं सांगितलं की अल्पशा आजारानं त्याला आपल्यातून ओढून नेलं.

सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "आता आपण सर्वजण उभे राहून..."

"थांबा," मी म्हणाले.

माझा आवाज मैदानावरचा आहे. शंभर पोरींना तो बिनमाइकचा ऐकू जातो. सगळ्या माना वळल्या. बायकांच्या घोळक्यातून मी पुढं आले. 

"मी त्रिशला. धनपालची धाकटी बहीण. माझ्या दादाचा आजार अल्पसा नव्हता. वर्षभर होता. त्याला आतड्याचा कॅन्सर झाला होता."

एक कुजबुज उठली आणि विझली. मी अण्णाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"वर्षभर त्याला संडासवाटे रक्त पडत होतं. त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही, कारण त्याला लाज वाटली. मूळव्याध म्हणून बाजारातल्या पुड्या खाल्ल्या. तो बारीक झाला तेव्हा आपण सगळ्यांनी त्याला छान दिसतोस म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. त्याला दम लागत होता, अंगात रक्त उरलं नव्हतं, तरी तो तुमच्या दारात मंडप घालत होता."

"अगं पोरी, बस कर आता," कुणीतरी वडीलधारं म्हणालं. "हे काय बोलायची जागा हाय?"

"हीच जागा आहे, काका. दुसरीकडं एवढी माणसं मला कुठं मिळणार?"

"बोलू द्या त्यांना," मागून आवाज आला. पद्मावती वहिनी होत्या. पदर डोक्यावर तसाच, मान वर. "माझा नवरा गेलाय. बोलू द्या."

त्यानंतर कुणी आडवं आलं नाही.

मी म्हणाले, "आमचे आप्पाही पोटाच्या दुखण्यानंच गेले. डॉक्टर म्हणतात, हे रक्तातून आलेलं असू शकतं. म्हणजे मलाही होऊ शकतं. मी तपासून घेणार आहे. तुमच्यापैकी कुणाला रक्त पडत असेल, पोट साफ व्हायची रीत अचानक बदलली असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर डॉक्टरकडं जा. मूळव्याध असेलही. बहुतेकांची तीच असते. पण ते डॉक्टरांनी बघून सांगू दे. ज्याच्या घरात आई-बाप, भाऊ-बहीण ह्यानं गेलेत, त्यानं तर काही होत नसलं तरी जावं. वेळेत सापडलं तर माणूस वाचतो. माझा दादा वाचला असता. एवढंच सांगायचं होतं."

मग सगळे मिनिटभर उभे राहिले. त्या मिनिटात मी मान वर करून अण्णाला शोधलं. तो उभा होता, डोळे जमिनीवर, चेहरा राखेसारखा. निपाणीचे व्याही त्याच्यापासून दोन पावलं सरकलेले होते. का ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ती दोन पावलं मला स्पष्ट दिसली.

घरी आल्यावर माझ्याशी कुणी बोलेना. चुलत्या-मावश्या स्वयंपाकघरात गप्प झाल्या. श्रुतिका दारातून माझ्याकडं बघून आत निघून गेली. मी अण्णाला शोधत परड्यात गेले. तो गोठ्यात होता, गव्हाणीच्या कडेवर बसलेला, टोपी नाही, काही नाही. म्हशी रवंथ करत होत्या.

"आलीस?" तो म्हणाला. "समाधान झालं? गावापुढं भावाचं धोतर फेडलंस."

"अण्णा..."

"मेलेल्या माणसाची अब्रू घालवलीस. पोरीचं लग्न मोडलंस. व्याही गाडीत बसून गेले, जेवायला सुद्धा थांबले नाहीत. काय मिळवलंस, सांग? धनपाल परत येणार हाय?"

"दादासाठी बोललेच नाही मी."

"मग कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"दादानं मला दवाखान्यात सांगितलं," मी म्हणाले. "पालवाल्याची ती पुडी त्याला तू आणून दिली होतीस. तू स्वतः घेत होतास म्हणून. तुलाही रक्त पडतंय, अण्णा. त्याच्याही आधीपासून."

अण्णानं तोंडावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग त्याचे खांदे हलायला लागले. आप्पा गेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. दादाला अग्नी देताना संमेदचा हात त्यानं धरला होता तेव्हाही त्याचा चेहरा दगडासारखा होता.

"मीच दिली," तो म्हणाला. "शेतावर भेटला होता. म्हणाला, अण्णा, असं असं होतंय, तुला सांगतो, आणि कुणाला सांगू नको. मी म्हटलं, अरे मलाबी होतंय, काळजी कशाला करतोस, ही पुडी खा. मी म्हटलं नसतं तर तो गेला असता डॉक्टरकडं. मी त्याला थांबवलं, त्रिशला. माझ्या हातानं."

आता मला कळलं, तो जिन्यात कठडा का धरून उभा होता. निपाणीचं लग्न, तोलामोलाची माणसं, हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली हे दडलेलं होतं. जो आजार भावाला झाला त्याचं नाव घेतलं, तर आपण काय केलं हेही उघडं पडेल. आणि तोच आजार आपल्या पोटात असेल तर ती शिक्षाच समजायची आणि मुकाट भोगायची, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी त्याच्याशेजारी बसले. त्याचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण आमच्या घरात तशी सवय नाही.

"तुला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले. "त्यालाही नव्हतं. दादानं मला हे तक्रार म्हणून नाही सांगितलं. 'तू बघ त्याचं,' म्हणाला. शेवटचं काही मागितलं असेल तर एवढंच. आता तुला ठाऊक झालंय. ठाऊक असून बसून राहिलास, तर ते मात्र मी चालू देणार नाही. सुतक फिटलं की आपण दोघं मिरजेला जायचं."

"ती बाई हाय," अण्णा म्हणाला. अगदी हळू, लहान मुलासारखं.

"कोण?"

"डॉक्टर. बाई माणूस हाय. तिच्यापुढं कसं..."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. "मीही बाई आहे. माझी तपासणी आधी. मी उठून बाहेर आले की तू आत जा. मी मेले नाही म्हणजे तूही मरणार नाहीस."

त्यानं हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. चेअरमन माणसाचं तेवढंच पुष्कळ.

सुतक फिटल्यावर दोनच दिवसांनी मी गावी रिक्षा घेऊन गेले आणि दारात उभी राहिले. अण्णा म्हणाला, दूध संघाची मीटिंग आहे. मी म्हटलं, मी इथं ओट्यावर बसते, मीटिंग झाली की निघू. वहिनी, म्हणजे अण्णाची बायको रत्नावहिनी, आतून त्याची पिशवी भरून घेऊन आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण रक्षाविसर्जनानंतर त्यांनीच न्हाणीघरातली पुडी शोधून परड्यात पुरली होती. पिशवी माझ्या हातात देत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जावा. मीटिंगला माणसं हायत पुष्कळ. मला एकच हाय." अण्णा रिक्षात बसला.

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ व्हावं म्हणून पाण्यात कालवून एक औषध प्यायचं असतं. चवीला खारट-गुळचट, आणि भांडंभर. डॉक्टर बाईंशी मी आधीच बोलले होते की, आमचा अण्णा दिवस मावळल्यावर काही घेणार नाही. त्यांनी दुपारची वेळ दिली, म्हणजे अर्धं आदल्या दुपारी आणि अर्धं दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर घेता आलं. जयसिंगपूरच्या माझ्या घरात संडास एक आणि आम्ही दोघं. यजमान बिचारे शेजाऱ्यांकडं जाऊन बसले. अण्णा कडी काढून बाहेर यायचा आणि मी आत पळायचे. आठवलं की अजून हसू येतं. एकदा तो कॉटवर आडवा पडून म्हणाला, "लहानपणी बोरं चोरून खाल्ली होती तेव्हा झालं होतं बघ असं. तू, मी आणि..." आणि दादाचं नाव घ्यायचं राहून गेलं. मग त्याला परत पळावं लागलं.

माझी तपासणी आधी झाली. मला गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं, काही कळलंही नाही. जाग आली तेव्हा डॉक्टर बाई म्हणाल्या, दोन कोंब होते, काढून टाकले. पुढं त्यांचं काय झालं असतं ते कुणालाच सांगता येत नाही, पण आता ते नव्हते. मला त्या वेळी एकेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती आणि एकही दिवस माझं पोट दुखलं नव्हतं.

अण्णाला आत नेलं तेव्हा त्यानं दारातून मागं वळून पाहिलं. मी खुर्चीत बसूनच हात वर केला. पोरी शर्यतीला उभ्या राहिल्या की करते तसा.

त्याला गाठ निघाली. आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, दादाची होती तिथून फार लांब नाही. बाईंनी तुकडा तपासायला पाठवला, मग पोटाचा स्कॅन केला. ते रिपोर्ट येईपर्यंत अण्णा माझ्याच घरी राहिला. जेवायचा, णमोकार मंत्र म्हणायचा आणि खिडकीतून रस्ता बघत बसायचा. रिपोर्ट घेऊन आम्ही परत त्याच केबिनमध्ये बसलो. टोपी मांडीवर, हात टोपीवर.

"कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या. "पण आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेला दिसत नाही. ऑपरेशन करू. अजून वर्षभर थांबला असतात तर मी असं म्हणू शकले नसते."

अण्णा म्हणाला, "मॅडम, माझ्या भावाला असंच वर्षभर आधी कुणी आणलं असतं तर?"

बाईंनी त्याला खोटा धीर दिला नाही. "तर बहुतेक हेच सांगितलं असतं मी त्यांना," त्या म्हणाल्या.

अण्णानं मान हलवली. "ऑपरेशनची तारीख द्या," तो म्हणाला.

ह्याला चौदा वर्षं झाली. निपाणीचं लग्न मोडलंच. रक्षाविसर्जनानंतर महिनाभरात निरोप आला, मुलाचा एवढ्यात विचार नाही म्हणून. श्रुतिका माझ्याशी वर्षभर बोलली नाही आणि तिला बोल लावायला मला जागा नव्हती. माझ्या बोलण्याची किंमत मी तिला न विचारता तिच्यावर लादली होती. पुढं तिनं सांगलीच्या एका मुलाला पहिल्याच भेटीत घरातला सगळा आजार सांगून टाकला आणि त्याच्याशीच लग्न केलं. आता ती स्वतः नेमानं तपासणी करून घेते आणि तारीख मला फोन करून सांगते. संमेदला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बापाचा आजार ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधी सुरुवात करायची. त्याची ती वेळ आता जवळ आली आहे. मंडपाचा धंदा तोच बघतो.

पण मला सगळ्यात लख्ख आठवते ती अण्णाच्या ऑपरेशननंतरची एक सकाळ. अण्णा उशीला टेकून बसला होता. पोटावर पट्टी, हाताला सलाईन. गावाकडून तात्या उपाध्ये भेटायला आले होते, दूध संघातले त्याचे जुने जोडीदार. खेळकर माणूस, साठीच्या आसपासचा, कायम मोठ्यानं बोलणारा. त्यांनी केळी ठेवली, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग चेहरा पाडून, खास आजाऱ्याला विचारायच्या आवाजात विचारलं, "भूपाल, नक्की झालं तरी काय होतं म्हणायचं?"

मी सफरचंद कापत होते. माझा हात थांबला. अण्णा आता काय म्हणेल ते मला खरंच माहीत नव्हतं.

"कॅन्सर," अण्णा म्हणाला. पलीकडच्या तीन खाटांवरच्या माणसांनी वळून बघावं एवढ्या मोठ्यानं. "आतड्याचा. धनपालला होता तोच. दोन वर्षं रक्त पडत होतं संडासला आणि मी लाजंनं दडवून ठेवलं. ह्या पोरीनं धरून आणलं म्हणून वाचलो. काढलाय आता."

तात्या खाली बघायला लागले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. अण्णानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"का रे?" तो म्हणाला, आता हळू. "तुला पडतंय काय?"

तात्यांनी दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी सफरचंदाची ताटली खाली ठेवली.

"ते डॉक्टर," तात्या म्हणाले, "कितव्या मजल्यावर बसतात?"

"चला," मी म्हणाले, "मी येते तुमच्याबरोबर."